एएफ ११७ च्या जागी

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या दुकानात एक काकू प्लायवूडच्या पेटीतला रेडिओ घेऊन आल्या. यजमानांनी कॉलेजात असताना स्वतः जोडलेला. आधी एकाकडे दाखवला, तर तो म्हणाला, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट टाकू. "तसंच करायचं तर नवा नसता का घेतला?" काकू म्हणाल्या. मला ते अगदी पटलं.

मागची फळी काढली. आतून शाईने काढलेलं सर्किट चिकटवलेलं, प्रत्येक रेझिस्टरची व्हॅल्यू, प्रत्येक ट्रान्झिस्टरचा नंबर. अक्षर मोत्यासारखं.

आयएफला, म्हणजे स्टेशनचा सिग्नल वाढवणाऱ्या मधल्या टप्प्याला, दोन एएफ ११७ होते, जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर, उंच डबीचे, चार पायांचे. चौथा पाय डबीला जोडलेला असतो आणि तो चासीला, म्हणजे सेटच्या सांगाड्याला, अर्थिंग केलेला. या जातीचा रोग जुन्या मेकॅनिकना पाठ आहे. डबीच्या आत कथलाचे केसाहून बारीक तंतू वाढतात आणि एखाद्या पायाला जाऊन भिडतात. मीटर लावला. पहिल्याचा फक्त कलेक्टर डबीला शॉर्ट होता. चौथा पाय कापला आणि तो चालू झाला. दुसऱ्यात बेस आणि कलेक्टर दोन्ही डबीला भिडलेले, तिथे बदलीच हवी होती.

महाराणी रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, हिंडलो. जर्मेनियम कुणाकडे नाही, सिलिकॉन हवे तेवढे. सिलिकॉन बसवता येतो, नाही असं नाही. पण जर्मेनियमला बेसवर ०.२ व्होल्टच्या आसपास पुरतात, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. म्हणजे बेसला ते व्होल्ट पुरवणारे बायसचे रेझिस्टर बदला, यजमानांनी बसवलेलं गणित मोडा. ते मला करायचं नव्हतं. शेवटी भंगारवाल्याकडच्या एका फुटक्या सेटमधून एएफ १२७ निघाले. एएफ ११७ ला तीच रास्त बदली.

स्पीकर चालवणाऱ्या आउटपुटच्या एसी १२८ ट्रान्झिस्टरच्या जोडीतला एक गळका होता, नको तेव्हाही करंट झिरपू देणारा. सुटे एसी १२८ माझ्याकडे होते, पण गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा, जुळणारा निवडायला वेळ गेला. जर्मेनियम बोटांच्या उबेनेही आकडा बदलतो. चिमट्याने धरायचा, गार होऊ द्यायचा, मगच मीटर वाचायचा. घाईत घेतलेलं रीडिंग खोटं.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदलले. इथे एक सांगून ठेवतो: या पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये चासी पॉझिटिव्ह आहे. आजच्या सवयीने कपॅसिटरचा निगेटिव्ह पाय चासीला जोडला, तर तो उलटा बसतो.

रेडिओ सुरू झाला. आवाज भरदार, थोडा दबका, त्या काळच्या स्पीकरचा. काकूंना म्हटलं, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, नाहीतर गळतात. आणि तो चौथा पाय कापलेला एएफ ११७ उद्या गेलाच तर काळजी नको, त्याच भंगारातला आणखी एक एएफ १२७ त्यांच्या नावाने पाकिटात ठेवलाय.