अळसांद्यावरच्या कोंबड्या: पिसं थांबली, अंडी अजून लहानच

काल संध्याकाळी खुराडं झाडलं आणि केरात एकही उपटलेलं पीस नव्हतं. तीन आठवड्यांनी! म्हणून लगेच लिहायला बसलो.

मागे सांगितलंच होतं, सोयापेंड बंद करून बाराही ग्रामप्रिया जातीच्या कोंबड्यांना तव्यावर भाजलेले अळसांदे (गोव्याकडची मोठी चवळी) चालू केले. दहाव्या दिवसापासून 52 ग्रॅमचं अंडं 44 वर आलं आणि त्या एकमेकींच्या शेपटीची पिसं उपटून खायला लागल्या.

आधी भाजण्यावर संशय घेतला. दाणा बाहेरून करपतो, दाताखाली फोडला तर आत कच्चाच. कच्च्या कडधान्यातलं ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनं पचू देत नाही, आणि ते घालवायला कोरड्या आचेपेक्षा वाफ बरी. मग रात्री भिजवून सकाळी कुकरच्या चार शिट्ट्या. शीट घट्ट झाली, खाणं वाढलं. पिसं उपटणं मात्र तसंच!

प्रथिनांचा हिशोब पुन्हा मांडला. सोयापेंडीत 45 टक्क्यांच्या आसपास, अळसांद्यात 24, म्हणून शंभर भाग भरड्यात 13 च्या जागी 25 भाग घातले होते. बेरीज बरोबर होती, पण नुसती बेरीज पुरत नाही. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यातलं लायसीन कडधान्यात भरपूर, गंधकवालं मिथिओनिन तोकडं. आणि पिसाला गंधकवाली अमिनो आम्लंच लागतात.

मासळीत मिथिओनिन चांगलं, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुके तारले (छोटी मासळी) आणून कुटून घातले. दोन दिवसांत शीट पाण्यासारखी. मीठ! ते बंद केले आणि मक्यातले 6 भाग काढून तिळाची पेंड घातली, तिच्यातही मिथिओनिन चांगलं. नवव्या दिवशी केर स्वच्छ. पेंड घाण्यावरूनच ताजी घ्या. दुकानातल्या पोत्यातली मला खवट मिळाली, ती मी परत केली.

अळसांदे आठवड्याचे एकदम शिजवून वाळवायचा बेत सोडला. या पावसात दोन दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबड्यांना फार वाईट. बारा जणींना दिवसाला 1.3 किलो भरडा, म्हणजे अळसांदे सव्वातीनशे ग्रॅम. रोज ताजे शिजवणं जमतं.

अंडं अजून 46 वरच आहे. पुढे कुळीथ घेणार होतो, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की सगळ्यांना एकच खाणं दिलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. कुळीथ थांबू दे. सोमवारपासून मध्ये जाळी लावतो: सहा जणी नुसत्या तीळपेंडीवर, सहा जणींना सोबत तारलेही, पण रात्रभर भिजवून तीनदा धुतलेले. तारले आत्ताच पाण्यात टाकलेत, आधी मीठ किती सुटतं ते चाखून बघतो.