मामाजींची रायफल नावावर करून घ्यायची का?

मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्याला वर्ष होत आलं. फेरफार झाला, सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली, पेन्शन सासूबाईंच्या नावानं सुरू झाली. अडून राहिली ती एकच वस्तू, रायफल. ती सध्या ठाण्यात जमा आहे आणि पावती माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. (परवानाधारक वारला की हत्यार तसंच घरात ठेवता येत नाही. ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तेरवीच्या गडबडीत हे कोणाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून सांगून ठेवते.)

आता ती नावावर कोणाच्या करायची, हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. नवरा एसटीत कंडक्टर, बऱ्याच रात्री मुक्कामी गाडीवर. घर गावाच्या टोकाला. मागं आमचंच वावर, पलीकडे नाला, आणि मग टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूचं झुडपी जंगल. घरात मी, सासूबाई आणि बारावीतली पोरगी. दिवाळीनंतर पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. दीर म्हणतात, "वहिनी, तुमीच घ्या नावावर. एकट्या बायका घरात, बंदूक पायजेच." दीर नागपुरात राहतात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथून आमच्या रात्रींची काळजी करणं सोपं जातं.

गावात सगळे तिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात. ती तशी नाही. .303 हे फौज-पोलिसांचं काडतूस, साध्या परवान्यावर ते मिळत नाही. मामाजी 1961 ला फौजेत भरती झाले तेव्हा त्यांच्या हातात आली ती खरी .303, ईशापूरची ली-एनफील्ड. ईशापूर म्हणजे कोलकात्याजवळ, हुगळीच्या काठी, तिथला सरकारी रायफल कारखाना. मूळ नमुना इंग्रजांचा, पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा. 1962 ला चिनी सैन्यासमोर आपले जवान हीच घेऊन उभे होते. त्यानंतर ईशापूरनं तीच रचना 7.62 मिलिमीटरच्या काडतुसासाठी बदलून घेतली, मग हळूहळू पलटणींत एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, आली. पण मामाजींचा जीव पहिल्या रायफलीवरच. 1978 ला हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांनी परवाना काढला आणि सरकारी कारखान्याचीच .315 स्पोर्टिंग घेतली. ही .303 ची सख्खी बहीण. बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा दांडा) तसाच, सांगाडा तोच, नळी आणि काडतूस मात्र वेगळं, आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या खणात, दहाच्या जागी पाच गोळ्या. गोळी .303 पेक्षा जराशी मंद, पण जड.

खंडेनवमीला ती पाटावर निघायची. झेंडूचा हार चालायचा, पण कुंकू लाकडावरच लावायचं, लोखंडाला बोट लावू द्यायचे नाहीत. "वल्लं कुकू लावता अन् मंग गंज मी घासू?" असं सासूबाईंवर दरवर्षी ओरडणं व्हायचं. पुल-थ्रूच्या दोरीला चिंदी बांधून नळीतून ओढायची, ती काळी निघाली की दुसरी, पांढरी निघेपर्यंत. फौजेत असताना फायरिंग झालं की नळीत उकळतं पाणी ओतायचे म्हणे, कारण जुन्या काडतुसांच्या बुडाशी पेटणाऱ्या टोपीतला क्षार आत राहून नळी खातो.

लग्न होऊन आल्यावर काही वर्षांनी त्यांनी मला ती भरायला शिकवली, रिकाम्या पुंगळ्यांवर. यातलं एक मला फार नेमकं आठवतं. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढं बसली पाहिजे. मागं बसली तर बोल्ट ढकलला की वरचं काडतूस खालच्याला अडकतं आणि सगळं जाम. माझा अंगठा धरून ते कडेवरून फिरवायचे, "पुढं, पुढं, हां, अशी." दिवसा, ओसरीवर, चहा पिऊन झाल्यावर हे सहज जमतं. रात्री दोन वाजता लाइट गेलेली, कुत्रं भुंकतंय, हात थरथरतायत, तेव्हा अंगठ्याला ती कडा कळेल का, हे मी तेव्हाच मनात विचारलं होतं. शिवाय या बोल्टची कमान (स्प्रिंग) मागं ओढताना नाही, पुढं ढकलताना चढते, शेवटच्या दोन बोटांच्या अंतराला चांगला जोर लागतो. सराव असलेला जवान मिनिटाला पंधरा गोळ्या झाडायचा. मी झाडणार नाही.

हे झालं माझं. पण ज्यांना सगळं जमत होतं त्या मामाजींनी घरासाठी ती कधी चालवली नाही, आणि हे दिरांना ठाऊक असूनही ते विसरतात.

विहिरीवरच्या मोटरची केबल चोरायला माणसं आली होती ती रात्र. आमच्याकडे कास्तकाराला विचारा, केबल चोरी म्हणजे काय. चोराला तांब्याचे चार पैसे मिळतात आणि आपलं ओलित ऐन हरभऱ्याच्या वेळी बंद पडतं. मामाजींनी पेटी उघडली. किल्ली सासूबाईंच्या बटव्यात, काडतुसं दुसऱ्या कपाटात, चष्मा उशीखाली. हे सगळं गोळा होऊन ते मागच्या दारात येईपर्यंत विहिरीवरची बॅटरी दोनदा हलून गेली होती. नवरा म्हणाला, "बाबा, मारा ना एक हवेत!" मामाजी उभेच. मग हळू म्हणाले, "मांगं काय हाये, ते पाय पयले."

विहिरीच्या मागं काय होतं? सपाट काळं वावर. त्याच्या पुढं धुरा, मग कापूस वेचायला आलेल्या मजुरांच्या पालांची रांग, आणि त्याही पुढं पांढरकवड्याचा हायवे, ट्रकचे दिवे दिसत होते. .303 च्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या पट्टीवर, दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले असतात, ते शोभेला नाही. आमच्या .315 ची गोळीसुद्धा दीड-दोन किलोमीटरवर जाऊन जीव घेऊ शकते. आमच्या भागात ना डोंगर ना टेकाड, तिला अडवणार कोण? आणि हवेत मारलेली गोळीही कुठंतरी उतरतेच. मामाजींनी रायफल भिंतीला टेकवली, टिनाचा डबा आणि मुसळ घेतलं आणि असं काही बडवलं की अर्धं गाव उठलं. केबल अर्धी गेली, अर्धी राहिली.

दुसऱ्या दिवशी पारावर लोक हसले. फौजी माणूस, घरात रायफल, आणि डबा वाजवतो. त्यांना काही वाटलं नाही. 2008 मध्ये मुंबईच्या सीएसटी स्थानकात एके-47 वाल्यांसमोर पोलिसांच्या हातात .303 होत्या, तेव्हा टीव्हीवर त्या रायफलीची टर उडवली जात होती. मामाजी चिडून म्हणाले होते की हे हत्यार मैदानासाठी आहे, खंदकात बसून दूरच्या माणसावर नेम धरायला, त्याला खोलीत कशाला उभं करता?

आमच्या घराचं तेच आहे. माजघराचं दार अरुंद, रायफल हाताएवढी नाही, पोरीच्या छातीपर्यंत येते. वळताना नळी चौकटीला लागते. एका हातानं कडी काढायची, बॅटरी धरायची, आणि दोन हातांचं हत्यार चालवायचं, तर तिसरा हात कोणाचा? समोरचा माणूस दारातच असला तर तो नळीच धरेल. आणि गोळी सुटलीच तर त्या माणसात थांबेल याची हमी नाही. आमच्या आणि शेजारच्या कोठ्यामध्ये एक कुडाची भिंत आहे, पऱ्हाट्या आणि शेण. पलीकडे त्यांची म्हातारी झोपते.

कायद्याचं मी वकील असलेल्या भाचीकडून समजून घेतलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाची. जिवावर बेतलं, दरोडा पडला, सूर्यास्तानंतर कोणी घर फोडून आत शिरलं, तर हक्क बराच पुढंपर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. नुसत्या चोरीसाठी जीव घेता येत नाही. म्हणजे केबलवाल्यावर त्या रात्री गोळी लागली असती तर मामाजी आणि केबलवाला, दोघंही घराबाहेर गेले असते, एक जेलात आणि एक मसणात.

वाघाचं विचारतात लोक. 2018 मध्ये राळेगावकडे माणसं मारल्याचा ठपका असलेली टी-1 वाघीण मारली, त्याआधीचे ते महिने आम्ही काढलेत. वावरात घोळक्यानं जायचं, अंधाराआधी परत यायचं. जीव वाचवण्यासाठी वाघावर वार केला तर वन्यजीव कायदा गुन्हा मानत नाही. पण वाघ येतो तो वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या पाठीमागून. रायफल तेव्हा धुऱ्यावर, पाण्याच्या कॅनजवळ. रानडुकरांसाठी तर नावच काढू नका. वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घातली तर डुक्कर सुटतं, आपण अडकतो.

वारसाच्या नावानं परवाना मिळायची सोय 2016 च्या नियमांत आहे. मामाजी हयात असतानाही अर्ज करता आला असता, सत्तरी उलटली होती. प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस चौकशी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. निवडणूक लागली आणि आदेश आला की हत्यार ठाण्यात जमा करायचं. 2024 मध्ये लोकसभेला एकदा, विधानसभेला एकदा, ऐन सोयाबीनच्या दिवसांत रायफल गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर आम्हीच नेली. म्हणजे गावात दारू आणि भांडणं सगळ्यात जास्त असतात तेव्हाच ती घरात नसते!

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्या पेटीखालून झाडता झाडता माहा जलम गेला. ने म्हना कोनी."

मी विक्रीसाठी अर्ज टाकलाय. विक्रेत्यानं सांगितलेला आकडा ऐकून दिरांना वाईट वाटलं, मला नाही. त्यात मागच्या दाराला लोखंडी जाळीचं फाटक आणि विहिरीवर सोलरचा दिवा होतो. कुत्रं आहेच. शेजारच्या दोन घरांशी ठरलंय की कोणाच्याही टिनाचा आवाज आला की तिघांनी लाइट लावून बाहेर यायचं, आणि पोलिसांचा 112 लावायचा पोरीनं, तिचा फोन सतत चार्ज असतो.

दिरांना मात्र अजून पटत नाही. बापाची आठवण आहे, म्हणतात. परवा फोनवर मी म्हटलं, भाऊजी, मग तुमीच करून घ्या नावावर. तुम्हीही वारसच आहात. प्रशिक्षण घ्या, चौकशीला पोलीस येतील, घरात कुलपाची जागा दाखवा, मी अर्ज मागं घेते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोसायटीत इचारून सांगतो."