तुम्ही विचारलंत म्हणून: पुढे एक टायर, मागे दुसरा

मे महिना अर्धा सरला, आभाळ जरा काळवंडलं की मला हा प्रश्न हमखास येतो, कधी फोनवर, कधी गोव्यात फोंड्याच्या बाजारात कोणीतरी सायकलचं हँडल धरून उभं करतं आणि विचारतं, की पंक्चर होणार नाही, चार वर्षं टिकेल आणि ओल्या रस्त्यावर घसरणार नाही असा एक टायर सांगा. तर असा एक टायर नसतो. दोन असतात, एक पुढे लावायचा एक मागे, आणि ते एकसारखे नसतात. दुकानदार जोडी दाखवेल, जोडी घेऊ नका.

का ते सांगतो. रबर कडक असलं की टिकतं पण ओल्या डांबराला धरत नाही, नरम असलं की धरतं पण लवकर झिजतं. कंपन्या रबरात सिलिका वगैरे घालून ही ओढाताण कमी करतात, संपवत नाहीत. त्यात पंक्चर अडवायला रबराखाली जो थर घालतात तो जाड असला की अख्खा टायर ताठ होतो आणि ताठ टायर रस्त्याच्या उंचसखलपणावर नीट दबून बसत नाही, म्हणजे पकड अजून थोडी गेली. म्हणून "सगळ्यात मजबूत तेच सगळ्यात सेफ" हे आपल्याकडच्या पावसात खरं नाही. पंक्चर झालं तर वीस मिनिटं जातात, हात काळे होतात, ऑफिसात दोन शब्द ऐकावे लागतात. पुढचं चाक ओल्यात सुटलं तर कॉलरबोन जातं.

आणि घसरण्यात पुढचं मागचं फार फरक. मागचं चाक सरकलं तर सायकल शेपूट हलवते, बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं सरकलं की तुम्हाला कळायच्या आत तुम्ही खाली असता. पंक्चरचं नेमकं उलटं, ती मागेच जास्त होतात, कारण एकतर वजन मागच्या चाकावर जास्त आणि दुसरं म्हणजे रस्त्यावर आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवून उभा करतं आणि मागचं चाक त्याच्यावर जातं. झिजतो पण मागचाच आधी. तर पुढे पकड, मागे चिलखत, एवढंच माझं म्हणणं.

नावं विचारता म्हणून नावं. मागे श्वाल्बे मॅरेथॉन प्लस. त्यात नक्षीच्या खाली 5 मिमी जाडीचा लवचीक रबराचा वेगळा थर असतो, साधी टाचणी त्यातच रुतून राहते, ट्यूबपर्यंत पोचत नाही. जड आहे, 35 मिमी रुंदीचा एक टायर पाऊण-एक किलोच्या घरात जातो, आणि चढावर ते जाणवतं, नाही असं नाही. पहिल्यांदा रिमवर चढवताना अंगठे दुखतात हे पण आधीच सांगून ठेवतो. पुढे कॉन्टिनेंटलचा ग्रांप्री फोर सीझन, 28 किंवा बसत असेल तर 32 मिमी. त्यात वेक्ट्रान नावाच्या धाग्याचे दोन थर असतात, पातळ पण कापायला चिवट, आणि रबर ओल्यासाठी चांगलं. बजेट कमी असेल तर सगळे पैसे पुढच्या टायरवर घाला आणि मागे कुठलाही देशी जाड टायर चालेल, खरंच चालेल.

आता नक्षी. सगळ्यांना खोल खाचांचे टायर हवे असतात कारण मोटारीचं डोक्यात असतं, खाचांतून पाणी बाहेर जातं वगैरे. मोटारीचा टायर रुंद आणि चपटा, त्याच्याखाली पाणी अडकतं. सायकलचा अरुंद, गोल आणि हवा जास्त दाबाची, तो पाणी बाजूला सारून खाली टेकतोच. विमानांच्या चाकांसाठी नासाने काढलेलं सूत्र आहे, हवेच्या दाबाचं वर्गमूळ घेऊन टायर कुठल्या वेगाला पाण्यावर तरंगायला लागतो ते काढायचं, त्यात 40 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) घाला, उत्तर ताशी शंभर किलोमीटरच्या वर येतं. चोर्ला घाट उतरताना तुम्ही एवढ्या वेगात असाल तर टायर ही तुमची मुख्य अडचण नाही. म्हणजे डांबरावर गुळगुळीत टायरला घाबरायचं कारण नाही, उलट जास्त रबर रस्त्याला लागतं. खाचा लागतात त्या मातीत. साखळी, डिचोली, उसगाव या खाणपट्ट्याकडे ट्रकच्या चाकांतून पडलेला लाल चिखल डांबरावर पसरतो ना, त्याचा थर जाड असेल तर गुळगुळीत टायर काही कामाचा नाही, तिकडे रोज जाणाऱ्याने पुढे निदान कडेला थोडी नक्षी असलेला घ्यावा. पातळ थर असेल तर मात्र कुठलाच टायर वाचवत नाही, ब्रेक न लावता सरळ निघून जायचं.

पावसात पंक्चर जास्त होतात असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे. ओलं रबर काच सहज कापते, पाणी तेलासारखं काम करतं, शिवाय काचेचा बारीक तुकडा ओल्या टायरला चिकटून फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत थोडा आत जातो. कळंगुट, बागा या किनाऱ्यांकडे शनिवार रात्रीनंतर रस्त्याच्या कडेला काय असतं ते मी सांगायला नको. त्यामुळे घरी आल्यावर टायर पुसून बोट फिरवा, काच दिसली तर नखाने काढा. वर्षभराची निम्मी पंक्चर इथेच टळतात असं माझं मत आहे.

हवा. हे टायरपेक्षा महत्त्वाचं आणि कोणी ऐकत नाही. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी भरा असं नाही. टणक टायर ओल्यात उड्या मारतो. 32 मिमीच्या टायरला, माणूस सत्तरएक किलोचा असेल तर, मागे साठ पीएसआयच्या आसपास आणि पुढे पन्नास पुष्कळ होते, धो धो पावसात अजून पाच कमी करा. फार कमी केलीत तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली तर टायरला शिव्या देऊ नका, पंप आणा. पहाटे पावसात पाव घेऊन येणारा आपला पोदेर बघा, काळी मोठी सायकल, मागे टोपली, त्यावर निळं प्लास्टिक, रुंद टायर, हवा बेताची, वेग बेताचा, त्याला कोणी सिलिका शिकवली नाही.

घेताना इंचांवर जाऊ नका. टायरवर 32-622 असा आकडा असतो, पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. 700 सी आणि 29 इंच दोन्ही 622च, पण पोदेरच्या त्या 28 इंचीचा 635 असतो आणि तो 622वर बसत नाही, नाव काहीही असो. फ्रेम आणि मडगार्डमध्ये जागा आहे का ते पण बघून घ्या, पावसाळ्यात मडगार्ड काढून मोठा टायर घालणं म्हणजे पाठीवर लाल पट्टा.

ट्यूबलेसचं विचारता. चांगलं आहे, बारीक भोकं आतलं लिक्विड आपोआप बुजवतं, हवा कमी ठेवता येते. पण आपल्या उष्णतेत ते लिक्विड दोन-तीन महिन्यांत सुकतं, पुन्हा भरावं लागतं, आणि मोठी चीर पडली तर शेवटी ट्यूबच घालायची, तीही वाटेत, चिकट हातांनी. रोज वीस किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याला मी नाही सांगत.

एक ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, हे पिशवीत असूच दे. आणि रायबंदरहून दिवाडीला जाणार असाल तर फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर मी वर सांगितलेला कुठलाच टायर चालत नाही, उतरा आणि सायकल हाताने ढकला, मागचे स्कूटरवाले हॉर्न मारतील, मारू देत.