पुरुषांना गोळी मिळते, मग आम्हाला?

सांगलीत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना लैंगिक अडचणींबद्दलचा हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पन्नाशीच्या एक बाई मधुमेहाची फाइल घेऊन आल्या, जाऊबाईंना औषधे आणायला पाठवले आणि पदराचा काठ बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “मॅडम, पुरुषांना गोळी मिळते, आमच्यासाठी काहीच नसतं का?”

उपचार आहेत. मात्र पुरुषांची ती गोळी, म्हणजे व्हायग्रासारखे औषध, लिंगाचा रक्तपुरवठा वाढवते आणि स्त्रीची अडचण बहुधा तेवढीच नसते. इच्छा न होणे, ओलावा न येणे, परमोच्च सुखापर्यंत न पोहोचणे आणि वेदना होणे या वेगवेगळ्या तक्रारी असून त्या एकमेकींत गुंतलेल्याही असतात. या बाईंना पाळी गेल्यापासून संबंधाच्या वेळी झोंबत होते आणि चार वर्षे त्यांनी ते अंगावर काढले होते. जे दुखणार हे ठाऊक आहे, त्याची ओढ कुणाला वाटेल? तपासणीत योनीची त्वचा पातळ व कोरडी झालेली दिसली, म्हणून इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे मलम पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा आतून लावायला दिले, सोबत वंगणाचे जेल दिले आणि साखर आटोक्यात आणायला सांगितले. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे मलम वापरू नये.

नवविवाहितेचे योनीभोवतीचे स्नायू भीतीने आपोआप आवळले जातात, तेव्हा घरची माणसे “सवय होईल” म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो. सवयीने ते सुटत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात, मग योनीमार्ग हळूहळू सैल करणाऱ्या गुळगुळीत नळ्यांपैकी (डायलेटर) सर्वांत बारीक नळीपासून तिच्या गतीने पुढे जायचे असते, आणि तोवर पतीने संबंधाचा आग्रह धरायचा नसतो.

इच्छाच नसेल तर मी आधी थायरॉइड, नैराश्यावरच्या गोळ्या, बाळंतपणानंतरचा थकवा आणि घरातली भांडणे पाहते. पाळी अजून न गेलेल्या स्त्रियांसाठी अमेरिकेत २०१५ मध्ये फ्लिबॅनसेरिन हे इच्छा वाढवणारे औषध मंजूर झाले, पण त्याचा फायदा माफक आहे आणि मद्यासोबत घेतल्यास रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते.

मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव शेजारी असूनही बायका हे दुखणे बोलत नाहीत. येताना चालू गोळ्यांची पाकिटे आणावीत, आणि एकटीने बोलायचे असेल तर नर्सला तसे हळूच सांगावे. सोबतच्या माणसाला बाहेर बसवणे हे आमचे काम आहे.