रामानुजन आणि पांघरूण

परवा आईसोबत 'द मॅन हू न्यू इन्फिनिटी' परत पाहिला. २०१५ चा सिनेमा, देव पटेल रामानुजन आणि जेरेमी आयर्न्स त्याला केंब्रिजला बोलावणारे गणितज्ञ हार्डी. मी आधी एकट्याने पाहिला होता तेव्हा सगळं लक्ष गणितावर होतं, यावेळी आई शेजारी होती म्हणून असेल पण वेगळंच काहीतरी दिसलं.

गणिताचा भाग छानच आहे. एखादी संख्या किती प्रकारे बेरजेत मांडता येते ते मोजायचं, म्हणजे ४ घेतले तर ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१ असे पाच प्रकार. ऐकायला सोप्पं, पण २०० घेतले की उत्तर येतं ३९,७२,९९,९०,२९,३८८! मेजर मॅकमोहन या गणितज्ञाने हे हाताने काढलेलं आणि रामानुजन-हार्डीचा फॉर्म्युला त्याला जाऊन भिडतो, तिथे मला दोन्ही वेळा काटा आला.

पण आई अडकली ती रामानुजनच्या बायकोच्या, जानकीच्या पत्रांवर. ती लिहिते, सासू पत्रं दडवून ठेवते आणि तिकडे इंग्लंडमध्ये हा वाट बघत बसलाय. हे खरंच घडलेलं आहे. आई म्हणाली, "अरे पण त्याला जेवायला कोण घालत होतं?" कोणीच नाही गं. १९१४ च्या मार्चमध्ये मद्रासहून बोटीत बसला, तिकडे पोचला आणि काही महिन्यांत महायुद्ध सुरू. पक्का शाकाहारी, मेसचं खायचं नाही म्हणून खोलीत स्वतःच रांधायचा, कधी वेळेवर कधी नाही.

मग मी तिला संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी सांगितलेली आठवण सांगितली. ते तेव्हा केंब्रिजलाच होते. एकदा खोलीवर गेले तर कळलं की रामानुजन रात्री थंडीने कुडकुडतो, ओव्हरकोट घालून वर शाल घेऊन झोपतो. आणि ब्लँकेटं? ती तर गादीखाली नीट खोचून पलंगावरच होती, ती उचकटून आत शिरायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अनंताशी खेळणारा माणूस आणि पांघरूण अंगाखाली! मी स्वतः दोन वर्षं इंग्लंडमध्ये शिकायला होतो, पहिल्या हिवाळ्यात हीटर कसा लावायचा हे विचारायची लाज वाटून आठवडाभर स्वेटर घालून झोपलो होतो, त्यामुळे हे सांगताना माझाच आवाज बसला. आई काही बोलली नाही, फक्त सिनेमा थोडा वेळ पॉज कर म्हणाली.

माझी एकच तक्रार आहे, शेवट फार घाईत उरकलाय. १९१९ मध्ये तो परत आला तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं, पण खरं वेड तिथेच आहे. अंथरुणात पडल्या पडल्या मॉक थीटा फंक्शन्स नावाचा गणितातला एक नवाच प्रकार शोधून काढत होता, १९२० च्या जानेवारीत हार्डीला त्याबद्दल पत्रही लिहिलं आणि २६ एप्रिलला गेला, वय ३२. त्या वर्षातली शंभरावर पानं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या लायब्ररीत पडून होती ती १९७६ साली गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूजना सापडली. तेव्हा जानकीअम्मा मद्रासमध्ये हयात होत्या, १९९४ पर्यंत होत्या. त्या शेवटच्या वर्षात पत्रं नव्हती, मध्ये समुद्र नव्हता, तो लिहायचा आणि ती उशाशी असायची. मला तो अर्धा तास हवा होता.