गॅब्रिएल्स गली: यंदा पाटांचा माग

न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतातल्या लॉरेन्स गावाजवळच्या गॅब्रिएल्स गली या सोन्याच्या जुन्या घळीतलं काम यंदा चांगलं पुढे सरकलं. या वेळी सोन्याऐवजी पाण्याच्या मागे लागलो.

आज आपण घळीत ज्यावर चालतो, तो तिचा मूळ तळ नाहीच. मे 1861 मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या गॅब्रिएल रीडने जेमतेम अडीच फूट खडी उपसली आणि खालच्या मऊ दगडावर सोनं चमकलं. दहा तासांत सात औंस! पुढे घळीच्या माथ्यावरचा ब्लू स्पर, म्हणजे घट्ट जमलेल्या खडीचा आख्खा डोंगर, पाण्याच्या माऱ्याने फोडला आणि धुतलेली खडी खाली येऊन साचली. रीडचा तळ तिच्याखाली गाडला गेला. नंतर तीच खडी पाण्याच्या जोराने वर चढवून पुन्हा धुतली. तळाशी उकरून आपल्याला काय मिळणार?

म्हणून खडी फोडायला-धुवायला पाणी आणणारे जुने पाट उतारावर शोधले. खूण सोपी: झुडपांतून एकाच उंचीवर जाणारी, पाऊलभर रुंद सपाट पट्टी. उन्हं कलली की सावलीमुळे ती लांबूनही कळते. चढ-उतार जाणवला तर ती मेंढ्यांची वाट समजावी. पाटाचा उतार इतका बेताचा, की चालताना कळतही नाही.

थोडी माती रोळलीच, राहवेना. परातीच्या कडेला काळी वाळू, तिच्यात गुलाबी गार्नेट खनिजाचे कण आणि एक चपटी, नखाच्या टोकाएवढी सोन्याची कपची. इथे परात-फावडं चालतं, यंत्र नाही. आणि जुन्या बांधकामाला हात लावायचा नाही.

जाता जाता एडवर्ड पीटर्सबद्दल. हिंदुस्थानातून आलेला हा ‘ब्लॅक पीटर’ रीडच्या आधीच या भागात सोनं काढत होता. रीडला 1000 पौंड बक्षीस मिळालं. पीटर्सला 1885 मध्ये 50 पौंड, तेही लोकांनी तेवढीच वर्गणी जमवली तर. हा हिशेब मला मुळीच पटत नाही. ग्लेनोरला त्याचं स्मारक उभं राहायला 2009 उजाडलं.

आता लॉरेन्सबाहेरची चिनी खाणकामगारांची वस्ती बघायची आहे. त्यांना गावात राहायला बंदी होती, म्हणून ती वेशीबाहेर वसली. तिथे उत्खननही झालंय. कुणी जाऊन आलं असेल तर कुठून सुरुवात करावी ते सांगा.