मैया उजव्या हाताला

माझ्याकडच्या स्क्रॅपबुकच्या ऑर्डरी बहुतेक बाली, दुबई आणि युरोपच्या असतात. बोर्डिंग पास, आयफेल टॉवरचं कटआउट, नक्षीदार चिकटपट्टी (वॉशी टेप) आणि मधोमध दोघांचा हवेत उडी मारलेला फोटो. नावं ठेवत नाही, घरभाडं त्यावरच निघतं. पण प्रवास कुठलाही असो, पानं तीच आणि स्टिकर तेवढे वेगळे, हे बरेच दिवस खुपत होतं.

नर्मदा परिक्रमेची ऑर्डर बंगळुरूहून फोनवर आली. मुलगा आयटीत, आई पायी परिक्रमा करून आलेली. त्यानं पेनड्राइव्ह भरून फोटो धाडले, पिंटरेस्टवरची चित्रं धाडली आणि मुखपृष्ठावर आईचा मोठा फोटो, खाली ‘मॉम्स जर्नी’ असं हवंय म्हणाला. मी म्हटलं, आधी आईंनाच माझ्याकडे पाठवा.

काकू रविवारी सकाळी आल्या. हातातल्या कापडी पिशवीत शिक्क्यांची वही. पायी जाणारे परिक्रमावासी अशी वही जवळ बाळगतात, मुक्कामाच्या आश्रमात तीवर गावाचा शिक्का आणि तारीख मिळते. ती पाहून मला हायसं वाटलं, कारण फोटोंना तारखाच नव्हत्या. काकूंकडे बटणांचा फोन, त्यामुळे फोटो काढले वाटेत भेटलेल्यांनी आणि सवडीनं मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेल्या फोटोतली काढल्याची वेळ आणि जागा पुसली जाते. फाइलच्या नावात दिसते ती पाठवल्याची तारीख. शिवाय फोटो दाबला जातो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरली तर ३०० डीपीआयला, म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके धरले तर, जेमतेम सव्वापाच इंच. मुखपृष्ठावरचा मोठा फोटो तिथंच बाद झाला होता, मुलाला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

मी छोट्या प्रिंट काढून ठेवल्या होत्या. हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला सरकवल्या आणि बाल्कनीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत निळ्या क्रेप कागदाची पट्टी अंथरली. बाल्कनी म्हणजे समुद्र, स्वयंपाकघर म्हणजे अमरकंटक. पट्टीच्या एका अंगाला उत्तर तट, दुसऱ्या अंगाला दक्षिण. काकूंनी दक्षिण तटावर ओंकारेश्वरला बसकण मारली आणि वही उघडली.

परिक्रमेचा मोठा नियम असा की मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिला ओलांडायचं नाही. काकू ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं पश्चिमेला निघाल्या. कठपोरला समुद्र गाठला, भरतीची वेळ साधून समुद्रातून नावेनं उत्तर तटावर मिठी तलाईला उतरल्या. मग उत्तर तटानं पूर्वेला अमरकंटक, उगमाला वळसा आणि पुन्हा दक्षिण तटानं ओंकारेश्वर. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, आणि चाल तिच्या दुपटीच्या घरात.

ज्या फोटोंत घाट किंवा देऊळ होतं ते काकूंनी भराभर ओळखले. अडले ते नुसती वाट, नुसतं पाणी आणि पाठमोऱ्या काकू असलेले. नदी दोन्ही तटांवर उजव्याच हाताला, मग तट ओळखायचा कसा? ते काकूंनीच सोडवलं. “अगं, उत्तर तटावर दुपारचं ऊन पाण्यावरून थेट डोळ्यांत यायचं. दक्षिण तटावर ते पाठीमागून, शेताकडून.” बरोबरच होतं. चालणं देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशीनंतरचं, थंडीतलं, म्हणजे सूर्य दक्षिणेला. सावली नदीकडे पडली असेल तर दक्षिण तट, नदीपासून दूर पडली असेल तर उत्तर. नदी वळणं घेते, त्यामुळे हे दर वेळी जुळत नाही, पण निम्मा ढीग त्यानंच मार्गी लागला.

एका सेल्फीपाशी मात्र काकू गप्पच झाल्या. भरूचच्या अलीकडे कुठेतरी, सोबत कॉलेजातला एक मुलगा, आणि नदी चक्क त्यांच्या डाव्या हाताला. “मी असं केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज खरोखर दुखावलेला होता. मी फोटो जवळ घेतला. काकूंचा पदर उजव्या खांद्यावर. “काकू, गुजरातेत शिरल्यावर गुजराती पद्धतीनं साडी नेसलात का?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पुढच्या कॅमेऱ्यानं फोटो आरशातल्यासारखा उलटा जतन केला होता. लॅपटॉपवर एक क्लिक केलं, पदर डाव्या खांद्यावर आला आणि नदी उजव्या हाताला. काकूंनी स्क्रीनलाच हात जोडले.

अल्बमचा आकार मला सुचला तो त्यांच्या पायांमुळे. क्रेपची पट्टी वीतभर रुंद, पण समोरच्या तटावर फोटो ठेवायचा झाला की काकू उठून स्वयंपाकघराकडून वळसा घालायच्या. “काकू, कागद आहे हो तो.” “माहितीये गं. पाय उचलत नाही.” चहाच्या वेळी बाल्कनीकडून गेल्या आणि “नाव मिळाली आज वेळेवर” म्हणून स्वतःच हसल्या.

नेहमीच्या शिवलेल्या अल्बमात हे जमणारच नव्हतं. उजव्या पानाच्या कडेला नदी काढली, तर पान उलटलं की ती डावीकडे जाते. म्हणून अकॉर्डियन घडी, बाजाच्या भात्यासारखी. एकच लांब पट्टा, ३०० जीएसएमचा जाड, अ‍ॅसिड-फ्री म्हणजे लवकर पिवळा न पडणारा कागद, सांध्यांना कापडी पट्टी. वाचताना आपण डावीकडून उजवीकडे जातो, म्हणजे वरून पाहिलं तर चालणाऱ्याचा उजवा हात कागदाच्या खालच्या कडेला येतो. खालच्या कडेला निळ्या हातकागदाची पट्टी लावली की तीच नदी. पुढची बाजू उत्तर तट, मागची दक्षिण, आणि पट्टा फिरवला तरी नदी खालीच राहते. नेमावर आणि हंडिया नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. अल्बमात ती एकाच पानाच्या पाठपोट आली. महेश्वरच्या पाठीशी नावडाटोळी आली. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केलं होतं. पुणेकर या नात्यानं ते सांगायचा मोह मला आवरला नाही. काकूंना मात्र तिथल्या एका घरातली भाकरी आठवत होती.

शूलपाणीच्या झाडीतला फोटो एकही नव्हता. तेवढ्या वाटेत सोबत कोणाकडे चालता फोनच नव्हता. गिऱ्हाइकाला कोरं पान दिसलं की पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, म्हणून मी एरवी तिथं नकाशा किंवा सुविचार घालते. काकू म्हणाल्या, नको, नुसते शिक्के घाल. वहीतले शिक्के स्कॅन करून छापले, वही त्यांना परत. त्यांना नर्मदेतला गोटाही कोपऱ्यात चिकटवायचा होता. तेवढं मी ठाम नाकारलं. घडी मिटली की गोट्याचा दाब पुढच्या फोटोंवर पडतो. “देव्हाऱ्यातच बरा तो,” त्या म्हणाल्या. फोटोंना डिंक लावला नाही, कागदी कोपऱ्यांत अडकवले, म्हणजे हवे तेव्हा काढता येतात.

मुलाला फोनवर तयार अल्बमचा पहिला फोटो दाखवला तर त्याचा प्रश्न: “याचं पहिलं पान कुठलं?” पट्ट्याच्या दोन टोकांना दोन पुठ्ठे आहेत, एकावर समुद्र, दुसऱ्यावर अमरकंटक, आणि काकूंचं निघणं नि पोहोचणं दोन्ही मधेच, ओंकारेश्वरला. मी समजावत होते तोवर काकूंनी फोन ओढून घेतला आणि “तू कुठूनही उघड रे” म्हणून विषय संपवला. ‘मॉम्स जर्नी’चं पुढे कोणी नाव काढलं नाही.

ज्यांची जागा काही केल्या सापडली नाही, त्या फोटोंसाठी अमरकंटकाच्या पुठ्ठ्याला आतून पाकीट लावून दिलंय. मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. पत्र्याच्या शेडचा तो फोटो नर्मदापुरमच्या पुढचा निघाला, सोबत चाललेल्या एका बाईंनी ओळखला. चार कोपरे पाठवून दे, मी बसवते, म्हणाल्या.